कोड: डाग किती, यापेक्षा डाग कुठे

कोडाचा नवा रुग्ण त्वचाविभागाच्या ओपीडीत आला की जाणकार डॉक्टर चिठ्ठीवर मलमाचं नाव लिहिण्याआधी त्याचं सगळं अंग तपासतात. ओठांच्या कडा, पापण्या, बोटांची टोकं, कोपरं, गुडघे, घोटे, काखा, कमरपट्ट्याची जागा, गुप्तांग, केसांखालची टाळू. ‘डाग एवढा एकच आहे’ असं सांगणाऱ्याच्या पाठीवर आणखी दोन निघणं ही तिथली रोजची गोष्ट. रुग्णाला ही तपासणी उगाच वाटते, थोडं अवघडायलाही होतं. पण आजार पसरण्याची शक्यता किती, औषध कितपत लागू पडेल, शस्त्रक्रियेचा विचार करायचा का, रक्त तपासायचं का, हे बरंचसं त्या तपासणीतच ठरतं. डाग किती आहेत हे घरचे विचारतात. डॉक्टर आधी पाहतात ते डाग कुठे आहेत, कोणत्या क्रमाने आले आणि त्यांच्या कडा कशा दिसतात ते.

आजाराचं मूळ थोडक्यात सांगतो. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी असतात. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन त्या तयार करतात. कोडात शरीराच्याच संरक्षण यंत्रणेतल्या टी-पेशी या रंगपेशींना शत्रू समजून मारतात. रंगपेशी गेल्या की ती जागा खडूसारखी पांढरी पडते. त्वचेची जाडी, स्पर्श, संवेदना यांना धक्का लागत नाही. कोड संसर्गजन्य नाही. अमुक खाल्ल्याने ते होतं किंवा तमुक पथ्य पाळल्याने जातं, यालाही काही आधार नाही. जगभरात साधारण 0.5 ते 2 टक्के लोकांना कोड असतं, स्त्री-पुरुषांत जवळपास सारखंच, आणि निम्म्या रुग्णांत ते विशीच्या आत सुरू होतं. आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. हुबेहूब जुळ्या भावंडांत जनुकं तीच असतात, तरी एकाला कोड असताना दुसऱ्यालाही ते असण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्केच आढळलं आहे. म्हणजे जनुकांखेरीज बाहेरचंही काहीतरी ठिणगी टाकतं. ते काय असू शकतं, याकडे पुढे येतो.

रुग्णालयातले आकडे चाळणीतून आलेले असतात

कोडावरचे बरेचसे लक्षणचित्राचे अभ्यास रुग्णालयात होतात. त्यांची रीत ठरलेली आहे. वर्ष-दोन वर्षांत ओपीडीत आलेले सलग रुग्ण घ्यायचे आणि प्रत्येकाचं वय, लिंग, आजाराचा कालावधी, पहिला डाग कुठे आला, प्रकार कोणता, घरात कोणाला आहे का, डागावरचे केस पांढरे आहेत का, थायरॉइडचं काय, हे सगळं तक्त्यात भरायचं. असे तक्ते एकापाठोपाठ एक वाचले की काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. तरुण रुग्ण जास्त. अनेक ठिकाणी स्त्रिया थोड्या जास्त. अंगभर विखुरलेल्या डागांचा प्रकार सगळ्यात मोठा. पहिला डाग बऱ्याचदा पायावर, चेहऱ्यावर किंवा हातावर.

हे आकडे खोटे नाहीत, पण ते चाळणीतून खाली आलेले आहेत आणि ती चाळणी म्हणजे रुग्णालयाचा दरवाजा. नडगीवर रुपयाएवढा डाग घेऊन तीस वर्षं मजेत जगलेला साठीतला माणूस ओपीडीत फिरकत नाही, त्यामुळे तो तक्त्यातही नसतो. चेहऱ्यावर पहिला ठिपका दिसलेली एकवीस वर्षांची मुलगी आठवडाभरात येते. लोकसंख्येत स्त्री-पुरुष प्रमाण सारखं असूनही नोंदींत स्त्रिया जास्त दिसतात, याचं मोठं कारण हेच असावं: दिसण्यावरून त्यांना जास्त ऐकून घ्यावं लागतं, म्हणून त्या लवकर दाखवतात. मोठ्या रुग्णालयांत तर चाळणी दोनदा लागते. साधे, आटोपशीर डाग आधीच्याच दवाखान्यात थांबतात आणि वर पोहोचतात ते पसरणारे किंवा औषधाला दाद न देणारे.

पहिला डाग कुठे आला याचं उत्तरही जपून घ्यावं. रुग्ण पहिला दिसलेला डाग सांगतो, पहिला आलेला नव्हे. पाठीवरचा डाग कोण बघतं? घरात कोणाला कोड आहे का, या प्रश्नाचं उत्तर तर त्या वेळी खोलीत कोण बसलं आहे यावरसुद्धा बदलतं. सासू शेजारी असताना माहेरच्या आत्याचं कोड सांगितलं जाईलच असं नाही. म्हणून ‘इतक्या टक्के रुग्णांत कौटुंबिक इतिहास आढळला’ हे वाक्य वाचताना तो आकडा खऱ्यापेक्षा कमी असण्याची शक्यता मनात धरावी.

मग अशा अभ्यासांचा उपयोग काय? समाजात कोड किती, हे त्यांवरून कळत नाही. पण कोड कोणत्या रूपांत येतं आणि प्रत्येक रूप पुढे कसं वागतं, हे समजायला त्यांच्याइतकी चांगली सामग्री दुसरी नाही.

दोन्ही बाजूंचं आणि एकाच बाजूचं

2011 साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून कोडाच्या वर्गीकरणाचा गोंधळ बराचसा मिटवला. मुख्य रेषा एकच आखली: खंडीय कोड वेगळं आणि बाकीचं, म्हणजे अखंडीय कोड, वेगळं. अखंडीय कोडात डाग शरीराच्या दोन्ही बाजूंना, बऱ्याचदा जोडीने येतात. एका गुडघ्यावर आला की काही महिन्यांत दुसऱ्यावरही. बहुसंख्य रुग्ण याच गटातले. त्यातही उपप्रकार आहेत. धड, हातपाय, चेहरा असे सगळीकडे विखुरलेले डाग हा सर्वसाधारण प्रकार. ओठ, डोळ्यांभोवतीचा भाग आणि हातापायांची बोटं एवढ्यावरच रेंगाळणारा तो टोकांचा प्रकार. हा दिसायला छोटा, उपचाराला मात्र हट्टी. आणि क्वचित, 80 टक्क्यांहून जास्त त्वचा पांढरी झालेला सार्वत्रिक प्रकार. यात उरलेला रंग घालवून सगळी त्वचा एकसारखी करणं हा एक पर्याय असतो. तो निर्णय मात्र कायमचा असतो, रंग परत आणता येत नाही, म्हणून घाईने घेऊ नये.

खंडीय कोडाचं वागणं निराळं. डाग शरीराच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात येतात आणि सहसा मधली रेषा ओलांडत नाहीत. चेहरा ही त्याची आवडती जागा: अर्धं कपाळ, एक भुवई, एका बाजूची हनुवटी. एकूण रुग्णांत हा प्रकार साधारण 5 ते 16 टक्के, मुलांमध्ये त्याहून जास्त. पालक घाबरून जातात, कारण सुरुवातीला तो झपाट्याने वाढतो. सहा महिने ते दोन वर्षं पसरतो आणि मग बहुतेकांमध्ये तिथेच थांबतो. पुढे वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. त्या पट्ट्यातले केस मात्र लवकर पांढरे होतात, आणि केस पांढरे झाले की मलम-प्रकाशाला प्रतिसाद कमी मिळतो.

या दोन ओळखींत गल्लत झाली तर नुकसान रुग्णाचं होतं. खंडीय कोड असलेल्या मुलाच्या आईला ‘हे हळूहळू सगळ्या अंगावर पसरेल’ असं कोणी सांगितलं, तर त्या घरात विनाकारण दहशत बसते. उलट, थांबलेल्या खंडीय कोडावर वर्षानुवर्षं मलमं चोळत राहणं म्हणजे वेळ घालवणं. अशा स्थिर डागांवर त्वचारोपण किंवा रंगपेशींचं प्रत्यारोपण चांगलं काम करतं, कारण आजार तिथे शांत झालेला असतो आणि बसवलेल्या पेशी टिकतात. एक अपवाद लक्षात ठेवावा: काहींमध्ये खंडीय कोडानंतर सहाएक महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा दोन्ही बाजूंनाही डाग येऊ लागतात. त्याला मिश्र कोड म्हणतात.

आणि एखादाच छोटा डाग, ज्याची कुठल्याच प्रकारात धड भरती करता येत नाही? त्याला नाव देण्याची घाई न केलेली बरी. वर्ष-दोन वर्षं लक्ष ठेवलं की तो स्वतःच आपली जात दाखवतो.

घासलं जातं तिथे

आता त्या ठिणगीकडे येऊ. कोडाच्या रुग्णांच्या अंगावरच्या जागा नीट पाहिल्या तर त्यातल्या कितीतरी घासल्या जाणाऱ्या, आपटणाऱ्या किंवा दाब पडणाऱ्या असतात. कमरेवर नाडीची किंवा पट्ट्याची रेघ, घोट्यावर पादत्राणाचा पट्टा, कोपरं, गुडघे, बोटांचे सांधे. कुठे भाजल्याची किंवा ओरखड्याची खूण असेल तर काही आठवड्यांनी नेमक्या तेवढ्याच आकाराचा पांढरा डाग. याला केब्नर परिणाम म्हणतात. एकोणिसाव्या शतकातले जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिश केब्नर यांनी तो सोरायसिसमध्ये नोंदवला होता. कोडात तो सर्रास दिसतो. म्हणून घट्ट कमरपट्टा सैल करा, अंघोळीला अंग खसाखसा घासू नका, डागाच्या कडा खाजवू नका, हे सल्ले उपचाराचाच भाग आहेत. चिठ्ठीवर ते क्वचित लिहिले जातात, ही माझी तक्रार आहे.

काही रसायनंही रंगपेशींना थेट मारतात. 1939 साली कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे उठले आणि शोध घेतल्यावर दोष त्यांच्या रबरी हातमोज्यांतल्या एका रसायनाचा निघाला. तेच रसायन, मोनोबेंझोन, पुढे सार्वत्रिक कोडात उरलेला रंग घालवण्यासाठी वापरलं जाऊ लागलं. 2013 मध्ये जपानमध्ये त्वचा उजळवणाऱ्या क्रीममधल्या रोडोडेंड्रॉल या घटकामुळे हजारो लोकांच्या अंगावर डाग पडले आणि ती उत्पादनं बाजारातून मागे घ्यावी लागली. केसांचे कलप, रबर आणि चिकटवायचे गोंद यांतले काही घटकही संशयितांच्या यादीत आहेत. त्यामुळे डाग बरोबर त्या वस्तूच्या आकाराचे असतील तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो: इथे काय लावता, काय घालता, काम कसलं करता?

कडा आणि केस काय सांगतात

डाग वाढतो आहे की थांबला आहे, हे ओळखायच्या काही खुणा आहेत आणि त्या रुग्णालाही शिकता येतात. थांबलेल्या डागाची कड सहसा स्पष्ट, रेखीव असते. पांढरा भाग आणि नेहमीची त्वचा यांच्या मध्ये फिकट तपकिरी पट्टा दिसत असेल, तर आजार बऱ्याचदा अजून हालचालीत असतो. मोठ्या डागाच्या आसपास टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके विखुरलेले असतील तर ती जोरात पसरण्याची खूण, आणि ती दिसली की थांबून बघण्यात अर्थ नसतो. कड लालसर आणि किंचित उचललेली, खाज सुटणारी असेल तर तीही सक्रियतेची खूण, मात्र ती कमी आढळते.

गोऱ्या त्वचेवर किंवा अगदी ताज्या डागात हे सगळं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मग अंधार करून वूड्स लॅम्प लावतात. हा 365 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश देणारा दिवा. त्याखाली कोडाचे डाग निळसर-पांढरे उजळून निघतात आणि तोवर न दिसलेलेही समोर येतात.

केसांचं महत्त्व रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही. केसाच्या मुळाशी, त्वचेच्या आत, रंगपेशींचा राखीव साठा असतो. वरच्या थरातल्या पेशी मेल्या तरी हा साठा बऱ्याचदा वाचतो. उपचाराने रंग परत येतो तेव्हा पहिल्यांदा केसांच्या छिद्रांभोवती तपकिरी ठिपके उमटतात, ते हळूहळू पसरून एकमेकांना मिळतात. (हे ठिपके पाहून ‘आता काळे डागही यायला लागले’ म्हणून औषध बंद करणारे लोक असतात. तसं करू नका, ते चांगलं चिन्ह आहे.) चेहऱ्यावर लव भरपूर, म्हणून चेहरा सगळ्यात लवकर सुधारतो. ओठ, बोटांची टोकं, तळहात, तळपाय यांना केसच नाहीत, म्हणून साठाही नाही, म्हणून ते हट्टी. आणि डागावरचा केसच पांढरा असेल तर आतला साठाही संपत आल्याचं समजावं.

पांढरा दिसणारा प्रत्येक डाग मात्र कोड नसतो. मुलांच्या गालावर येणारे फिकट, किंचित खवले असलेले चट्टे वेगळे असतात आणि बहुतेक वेळा आपोआप जातात. छाती-पाठीवरची शिबं बुरशीमुळे येतात. जन्मापासून असलेला आणि अंगाबरोबर तेवढाच वाढणारा फिकट डाग हाही निराळा. पन्नाशीनंतर नडग्यांवर, हातांवर येणारे तांदळाएवढे पांढरे ठिपके वयाचे आणि उन्हाचे. कुष्ठरोगाचा चट्टा खडूसारखा पांढराशुभ्र नसतो, फिकट किंवा लालसर असतो, आणि तिथली संवेदना कमी झालेली असू शकते. कोडाच्या डागावर स्पर्श, टोचणं, गरम-गार सगळं नेहमीसारखं कळतं. दोन्ही आजारांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, तरी ही भीती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही, हे चीड आणणारं आहे.

अखंडीय कोडाबरोबर संरक्षण यंत्रणेचे इतर आजार जरा जास्त दिसतात. त्यात थायरॉइड सगळ्यात पुढे. म्हणून रक्ताची टीएसएच चाचणी सांगितली जाते आणि ती करून घ्यावी. टकलाचे गोल चट्टे, टाइप-1 मधुमेह, बी-12 जीवनसत्त्व शोषलं न गेल्याने होणारा पंडुरोग हेही त्याच कुटुंबातले. पांढऱ्या डागांबरोबर डोळे लाल होऊन नजर अंधूक होणं, तीव्र डोकेदुखी, कानात आवाज येणं असं काही असेल तर मात्र त्वचेच्या ओपीडीची तारीख येईपर्यंत थांबू नका, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठा. रंगपेशी डोळ्यांत आणि अंतर्कर्णातही असतात आणि एका दुर्मीळ आजारात तिथेही हल्ला होतो.

रूप पाहून उपचार

वरचं सगळं वाचल्यावर उपचारांची रचना समजायला सोपी जाते. पसरतं कोड असेल तर आधी ते थांबवायचं: आठवड्यातून दोन दिवस थोड्या मात्रेत स्टेरॉइडच्या गोळ्या, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. थोडे, मर्यादित डाग असतील तर स्टेरॉइडचं मलम. चेहरा, पापण्या अशा नाजूक जागी टॅक्रोलिमससारखं स्टेरॉइड नसलेलं मलम. अंगावर बरेच डाग असतील तर 311 नॅनोमीटरच्या अतिनील-बी किरणांचा प्रकाशोपचार, आठवड्यातून दोन-तीनदा. इथे संयम लागतो. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तर तीन चतुर्थांशाहून जास्त रंग परत येण्याचं प्रमाण तीन महिन्यांनी साधारण 13 टक्के रुग्णांत आणि वर्षभराने सुमारे 36 टक्के रुग्णांत दिसतं. तीन महिन्यांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणारे सगळ्यात जास्त गमावतात.

नवं औषध म्हणजे रक्सोलिटिनिबचं मलम. टी-पेशींना डागाकडे बोलावणारा जो रासायनिक संदेश असतो तो पेशीच्या आत पोहोचवणारा जेएके हा दुवा ते अडवतं. अमेरिकेत जुलै 2022 मध्ये 12 वर्षांवरच्या अखंडीय कोडाच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली. चाचण्यांत 24 आठवड्यांनी सुमारे 30 टक्के रुग्णांचा चेहरा 75 टक्के किंवा जास्त सुधारला. चांगलं आहे, पण जादू नाही. उरलेल्या 70 टक्क्यांना तेवढा फरक पडला नाही, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

शस्त्रक्रिया फक्त स्थिर डागांवर. किमान वर्षभर नवा डाग नाही, जुना वाढलेला नाही, जखमेच्या जागी डाग उठत नाही, एवढं पाहूनच. नाहीतर ज्या जागेची त्वचा काढली तिथेही कोड येतं.

रंग परत आल्यावरही गोष्ट संपत नाही. टी-पेशींची एक तुकडी त्याच जागी त्वचेत दबा धरून राहते, म्हणून उपचार थांबवल्यावर वर्षभरात सुमारे 40 टक्के रुग्णांत जुन्याच जागी डाग परततात. आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस लावत राहिल्याने हे प्रमाण बरंच खाली येतं.

पहिल्या भेटीला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. प्रत्येक डागाचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, आणि दर महिन्याला त्याच अंतरावरून पुन्हा. फ्लॅश नको, त्याने कडा पुसट येतात. जुने फोटो चाळून डाग नेमका कधीपासून दिसतो ते शोधा. वापरातली सगळी मलमं, कलप, सौंदर्यप्रसाधनं पिशवीत घालून न्या, त्यांच्या खोक्यांसकट, म्हणजे घटकांची यादी डॉक्टरांना वाचता येईल.